रोझालिंडेचं मोठं इंजिन

ग्रीसमोस, ८ मार्च १९५६

मालकांना मोटार काढायची आहे. विकत घ्यायची नाही, ती आहेच दारात, काळी आणि लांबलचक. बनवायची आहे!

"हाझलबेकबाई, लिहा," सकाळी खिडकीशी उभं राहून, पोटावर हात बांधून म्हणाले. "डिर्नहोफर कारखान्याच्या इतिहासात आज नवं पान उघडतंय." मी लिहिलं. अठरा वर्षं हेच करतेय. आजोबा डिर्नहोफरांनी गवत कापायचे लांब दांड्याचे विळे केले, ते चांगले होते. वडिलांनी गवत कापायची यंत्रं केली, तीही बरी होती. चिरंजीवांनी युद्धानंतर कपडे पिळायचं यंत्र काढलं, त्यात पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीची वेणी अडकली. झाला इतिहास.

मोटारीचं कारण एवढंच, की पलीकडच्या गावातल्या शिवणयंत्रवाल्यानं एक छोटी मोटार काढली आणि त्याचा फोटो पेपरात आला. आमच्या मालकांचा फोटो पेपरात शेवटचा आला तो त्या वेणीच्या वेळी.

१९ मार्च

आज संत योसेफांचा सण, सुट्टी. तरी मला बोलावणं. का, तर एंजिनियर येणार!

आला. राइनहोल्ड चिर्नर नाव. पूर्वी विमानांची इंजिनं करायचा म्हणे. युद्ध संपल्यावर रशियनांनी उचलून नेला, गेल्या शरदात सोडला. त्याचं गाव आता पोलंडात गेलंय, त्यामुळे घर विचारायची सोय नाही. अंगावरचा कोट कोणातरी जाड माणसाचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, आल्या आल्या मला म्हणतो, "आराखड्यांच्या खोलीची किल्ली?"

"तुमच्याकडे बोलताना पूर्ण वाक्य वापरत नाहीत का?" मी विचारलं.

"नऊ वर्षांत सवय गेली," म्हणाला, आणि हात पुढे करून उभा राहिला. किल्ली दिली. जुन्या लोहारशाळेच्या माळ्यावर त्याला राहायला खोली दिलीय. तिथं कबुतरंसुद्धा नाइलाजानं राहतात.

२ मे

मोटारीचा पहिला नमुना पाहिला. पुढून, तोंडावर कोणीतरी दार आपटल्यासारखी दिसते. नाव ठेवलंय 'रोझालिंडे', मालकांच्या बायकोचं. बाईसाहेबांना गहिवरून आलं. त्या आत बसल्या तेव्हा रोझालिंडेलाही आलं, एका बाजूनं खालीच गेली.

इंजिन मोटारसायकलचं, तयार विकत घेतलेलं, २४७ सीसीचं. मालकांचा पुतण्या पोल्डी विक्रीखातं बघतो, म्हणजे आरशात बघतो. पण आज त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा अक्कल बाहेर पडली. म्हणाला, "काका, जाहिरातीत लिहू या, जुन्या चौथ्या वर्गाच्या लायसन्सवर चालते!" खरंच आहे ते. चोपन्न सालच्या आधी ज्यांनी मोटारसायकलचं लायसन्स काढलं, त्यांना अडीचशे सीसीपर्यंतची मोटार तेवढ्यावरच चालवता येते. नवी परीक्षा नको, काही नको. आमच्या भागात निम्म्या लोकांकडे तेच आहे. चीजवाले, धुराडी साफ करणारे, सुइणी. माझ्याकडेही आहे. माझा नवरा विन्सेंट युद्धावर गेला तो परत आला नाही; जायच्या आधी मला त्याच्या मोटारसायकलवर शिकवून गेला.

चिर्नर तेव्हा तिथं नव्हता. तो कायम तळाशी, इंजिनात डोकं घालून. हात इतके काळे, की पाव कसा खातो देव जाणे. बोटं मात्र लांब आहेत.

२२ जुलै, रविवार

आज एवढी हसले, की फासळ्या दुखताहेत. देवा, माफ कर.

संत क्रिस्टोफरांच्या सणाला दरवर्षीप्रमाणे टेकडीवरच्या देवळात गाड्यांना आशीर्वाद होता. ट्रॅक्टर, सायकली, दुधाच्या गाड्या, सगळ्यांची रांग. सगळ्यात पुढे रोझालिंडे. चालवायला मालक, शेजारी बाईसाहेब, मागे मांडीवर तीर्थाचं भांडं घेऊन पाद्रीबाबा. अर्ध्या चढावर मोटार गुरगुरली, थांबली, आणि हळूहळू मागं येऊ लागली. मागचे ट्रॅक्टर ओरडताहेत. पाद्रीबाबांच्या मांडीवरचं सगळं तीर्थ पाद्रीबाबांनाच मिळालं.

"बाबा, आधी इंजिनावर शिंपडा!" खाटीक श्मिडबावर ओरडला.

मग बाईसाहेब उतरल्या. त्या उतरल्यावर मोटार सुर्रकन वर गेली. यापेक्षा न चढती तर बरं होतं.

२३ जुलै

मालकांचा चेहरा बीटासारखा. "इंजिन मोठं करा!"

चिर्नर शांतपणे म्हणाला, "ती मोटार दोघांसाठी आहे. काल तिघं होते."

"काल अख्खं गाव होतं! ऐका. ऑक्टोबरात ही मोटार तिघांना घेऊन तो चढ चढली आणि पहिल्या शंभर मोटारी नीट गेल्या, तर तुमची नोकरी कायम. नाही तर माळा रिकामा करा."

निघताना चिर्नर माझ्या टेबलाशी थांबला आणि म्हणाला, "मला दुसरीकडे जायला जागा नाही, हे त्यांना माहीत आहे." मला कशाला सांगतोस बाबा? मी काय धर्मशाळा चालवते?

३ ऑगस्ट

आज सकाळी टाइप करायला दोन कागद एकापाठोपाठ आले. पहिला पोल्डीच्या जाहिरातीचा: "नवी रोझालिंडे! जुन्या चौथ्या वर्गाच्या लायसन्सवर चालवा!" वीस हजार प्रती छापायच्या. दुसरा चिर्नरचा, ओतकाम करणाऱ्यांना: इंजिनाचे नवे भाग, २९६ सीसी.

दोनदा वाचले. म्हणजे पोल्डीला कायदा माहीत, पण इंजिन किती वाढलं ते माहीत नाही, आणि विचारायची तसदी तो घेणार नाही. चिर्नरला इंजिन माहीत, पण तो नऊ वर्षं बर्फात होता, त्याला आमचा कायदा काय ठाऊक? मालकांना ड्रायव्हर आहे, ते फक्त स्वतःचं नाव असलेल्या ओळी वाचतात. दोन्ही कागद एकत्र पाहिले ते फक्त मी, एका टाइप करणाऱ्या बाईनं!

लगेच उठले आणि खाली गेले. तो मोटारीखाली, नुसते बूट दिसत होते. भोवती चार कामगार.

"चिर्नरसाहेब, त्या आकड्याबद्दल बोलायचंय."

"कुठल्या?"

"दोनशे शहाण्णव."

खालूनच म्हणाला, "बाई, आकडे माझ्याकडे राहू द्या, टाइपरायटर तुमच्याकडे. आपापलं काम बरं."

चौघं खदाखदा हसले. लुट्झ तर वाकून हसला. त्याची बायको बाळंतीण असताना सुट्टीचा अर्ज मी लिहून दिला होता, कृतघ्न कुठला!

बरं. तर आपापलं काम. वर आले, २९६ टाइप केलं, तीन प्रती. एकही खाडाखोड नाही. त्यानं येऊन माफी मागितली, नीट तोंडानं, पूर्ण वाक्यात, की सांगेन. तोवर एक अक्षर नाही. बसा आता.

२० ऑगस्ट

कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. पोल्डी इटलीत उन्हं खातोय. चिर्नर रोज सकाळी "शुभ प्रभात, हाझलबेकबाई" म्हणतो. शुभ प्रभात म्हणजे माफी नव्हे. मी मान हलवते, एका बाजूला.

११ सप्टेंबर

महिनाभर माझ्या टाइपरायटरचं एक अक्षर अडकत होतं. तीनदा अर्ज केला, कोण ऐकतंय! आज बघते तर लोण्यासारखं चालतंय. आत नवी बारीक स्प्रिंग, टेबलावर तेलाचा एक डाग आणि त्यावर नीट कापून ठेवलेला टीपकागद.

सफाईवाली क्रेसेन्स म्हणाली, "अगं, एंजिनियर सहा वाजता येऊन बसला होता. तासभर. मी म्हटलं, काय करता? तर म्हणाला, आवाज ऐकून त्रास होत होता."

घ्या! त्याला त्रास होत होता. मला होतो ते नाही. आणि लाज वाटत असेल तर माणसानं तोंड उघडावं. तोंड उघडलं का? नाही. मग माफीही नाही. माझा नियम म्हणजे नियम.

टीपकागद टाकवला नाही, पुस्तकात ठेवलाय. चांगला कागद आहे, उगाच वाया कशाला घालवायचा.

७ ऑक्टोबर, रविवार

चढली. मालक, बाईसाहेब, पाद्रीबाबा, शिवाय बाईसाहेबांच्या मांडीवर एक अख्खी भाजलेली डुकराची तंगडी, एवढं घेऊन रोझालिंडे तो चढ न थांबता चढली. बँड वाजला. श्मिडबावरनं टोपी काढली. मालकांनी चिर्नरला मिठी मारली, त्या मिठीत तो दिसेनासा झाला.

सुटल्यावर गर्दीतून त्यानं माझ्याकडे बघून टोपी उचलली. मी दुसरीकडे बघितलं. नवी हिरवी टोपी घातली होती आज. कोणाच्या लक्षात आली असेल असं वाटत नाही. या गावात डोळे फक्त बियरच्या ग्लासावर असतात.

जाहिराती गेल्या सगळीकडे. शंभराच्या वर मागण्या आल्यात. पोल्डी शीळ घालत फिरतोय.

२९ ऑक्टोबर

जेवणाच्या खोलीत चिर्नर थाळी घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला. लिव्हरचे गोळे घातलेलं सूप. कामगार एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

"बाई, तुम्हाला एक विचारू? पडद्याला कुठला रंग बरा दिसेल?"

"कुठले पडदे?"

"माळ्याच्या खिडकीचे. मालक म्हणाले, शंभर गेल्या की कागद करू. मग म्हटलं, पडदे लावावेत. युद्ध संपल्यापासून अकरा वर्षांत खिडकी होती पण पडदा नव्हता."

"आधी खिडकी धुवा," मी म्हटलं.

तो हसला. पहिल्यांदाच पाहिला हसताना, एक दात नाहीये. मग मीही सांगून टाकलं, निळा.

उद्या सांगते. पहिल्या मोटारी दहा नोव्हेंबरला जायच्या आहेत. अजून वेळ आहे, जाहिरात बदलता येईल, जुनं इंजिनही बसवता येईल. माफी गेली खड्ड्यात.

३० ऑक्टोबर

गेले होते. खरंच गेले होते. आराखड्यांच्या खोलीच्या दाराशी पोचले, हात वर केला. आणि सुचलं, की तो पहिला प्रश्न काय विचारणार? तुम्हाला हे कधी कळलं, बाई?

काय सांगू? तीन ऑगस्टला? तीन महिने मी त्याची शुभ प्रभात घेत बसले म्हणून सांगू?

त्यानं आतून विचारलं, "कोण आहे?" मी म्हटलं, "किल्ली परत द्या, यादी करायचीय." कसली यादी, कपाळ माझं. त्यानं किल्ली दिली आणि मी वर आले. मूर्ख तो आहे, नियम वाचत नाही. मूर्ख पोल्डी आहे. मूर्ख मालक आहेत. या सगळ्यांचं ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर का?

१७ नोव्हेंबर

सुईण आफ्रा लांगविझर दुपारी कचेरीत आली, घागऱ्याची कड बर्फानं ताठ झालेली, हातात आमची जाहिरात. पहिल्या दहा मोटारींतली एक तिची. पोलिसानं थांबवलं ते फक्त नवी मोटार बघायला, मेला कौतुकानं चकरा मारत होता म्हणे भोवती. मग कागद वाचले. २९६. मग तिचं लायसन्स वाचलं.

"लायसन्स काढून घेतलं माझं!" टेबलावर जाहिरात आपटून आफ्रा म्हणाली. "मोटारसायकलचंसुद्धा! आता रात्री-अपरात्री कोणाच्या कळा सुरू झाल्या, तर मी काय डोंबल करू? सायकल मारू बर्फातून? हे तुम्ही छापलंत ना? तुमच्यात वाचता येणारं एकही माणूस नाही?"

मी म्हटलं, "मालक बाहेर गेलेत."

२३ नोव्हेंबर

शंभरावर मागण्यांतल्या एकाहत्तर रद्द. गेलेल्या मोटारी परत येताहेत, ट्रॅक्टरला बांधून. मालकांचा फोटो पेपरात आला.

चिर्नरनं सकाळी कायद्याचं पुस्तक मागितलं. मीच दिलं. उभ्या उभ्या ते पान वाचलं, पुस्तक मिटलं, म्हणाला, "सेहेचाळीस सीसी जास्त." बस, एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिव्या देता तर बरं झालं असतं.

२७ नोव्हेंबर

सविस्तर लिहिते, नाही तर डोकं फुटेल.

मालकांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मी कोपऱ्यात वही घेऊन, बैठकीचा वृत्तान्त लिहायला. मालक म्हणाले, मोटार बंद. वसंतापासून पुन्हा गवत कापायची यंत्रं.

चिर्नर म्हणाला, "जुनं इंजिन बसवू. तीन आठवड्यांत—"

"आणि पुन्हा त्या चढावर गावाला हसवू? नाही! मला फक्त एवढं सांगा, हे कोणाचं काम?"

पोल्डी छताकडे बघत होता. छतावर काही नव्हतं. चिर्नर उभा राहिला. "इंजिन माझं आहे. कायदा वाचायला हवा होता, वाचला नाही. चूक माझी."

"शनिवारपर्यंत माळा रिकामा करा," मालक म्हणाले. "बाई, लिहा."

मी लिहिलं नाही. उभी राहिले. म्हटलं, "चूक माझी आहे. दोन्ही कागद मी टाइप केले. मला तीन ऑगस्टपासून माहीत होतं. मुद्दाम गप्प बसले."

पोल्डी फिसकन हसला. "अगंबाई! हाझलबेकबाईंचा जीव जडला की काय एंजिनियरवर!"

"मुद्दाम?" मालकांच्या आवाजात कीव होती, कीव! अठरा वर्षांत त्यांनी मला सगळं दिलं, कीव कधी दिली नव्हती. "का बरं मुद्दाम?"

"माझा अपमान झाला होता."

आता सगळेच हसले. मालक म्हणाले, "बाई, बसा. तुम्ही कधी एक स्वल्पविराम चुकला नाहीत, आणि एवढी गोष्ट लपवाल? माणसासाठी जीव टाकणं चांगलं असतं, पण कारखाना असा चालत नाही. आता तुमच्याकडे पुरावा असता, कागदाचा एखादा तुकडा, तारखेसकट, तर गोष्ट वेगळी. मग मी तुम्हाला काढलं असतं आणि यांना ठेवलं असतं. आहे का?"

हीच वही. घरी, कपाटात, चादरींखाली. तीन ऑगस्ट, सगळं लिहिलेलं, माझ्याच अक्षरात.

"नाही," मी म्हटलं.

कारण स्पष्ट आहे. या वहीत मालकांच्या बायकोच्या वजनाबद्दल काय काय आहे! पोल्डीबद्दल, वेणीबद्दल. हे वाचून दाखवायचं? नोकरी तर जातेच, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. कोणत्याही शहाण्या बाईनं हेच केलं असतं. आणि बाकीही आहेच, टीपकागद, टोपी, कसले कसले उद्योग. ते कोणी वाचायची गरज नाही. त्यानं तर मुळीच नाही.

बाहेर पडल्यावर चिर्नर जिन्यात थांबला होता.

"हाझलबेकबाई, एवढ्या वर्षांत लोकांनी माझ्याविरुद्ध पुष्कळ खोट्या साक्षी दिल्या. माझ्या बाजूनं खोटं बोललेल्या तुम्ही पहिल्याच. आणि ऑगस्टात मी तुमच्याशी फार वाईट वागलो होतो. त्याबद्दल मी तुमची क्षमा मागतो."

नीट तोंडानं. पूर्ण वाक्यात.

मी त्याला म्हटलं, "ते खोटं नव्हतं."

"हो, हो," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेऊन थोपटला, आजारी माणसाचा थोपटावा तसा.

१ डिसेंबर, शनिवार

दुपारी सव्वादोनची गाडी. तो ब्रेमेनला चाललाय, जहाजांच्या गोदीत कोणी ओळखीचा आहे म्हणे, बघतो म्हणाला. वय एकावन्न. एक पेटी आणि तोच कोट.

मी वही पिशवीत घालून स्टेशनवर गेले. ठरवलं होतं, की तीन ऑगस्टचं पान उघडून हातात द्यायचं. त्यानं वाचायचं, वही घेऊन मालकांकडे जायचं, माळा परत मिळवायचा. त्याच्या हातात द्यायचं आणि पळायचं. कचेरी ते स्टेशन, सारा रस्ता पाठ करत गेले.

त्यानं मला लांबूनच बघितलं आणि टोपी काढली. फलाटावर आम्ही दोघंच होतो, दुधाचे कॅन सोडले तर.

"तुम्ही याल असं वाटलं नव्हतं," म्हणाला. "खरं सांगू बाई? रशियातून आलो तेव्हा मला वाटायचं, आता या देशात कोणाचा कोणी नाही. परवा तुम्ही त्या खोलीत उभ्या राहिलात. नोकरी गेली त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू. पण तेवढी एक गोष्ट बरोबर घेऊन चाललोय. मला ती पुरेल."

मी पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरले होते. आत वही होती. उघडायला किती वेळ लागतो? टाइपरायटरवर कागद चढवायला लागतो तेवढा.

गाडी आली. मी म्हटलं, "गळ्याला मफलर बांधा. तिकडे वारा असतो."

"बांधतो," म्हणाला.

तो खिडकीत उभा राहून हात हलवत राहिला, वळणापर्यंत. मीही हलवला, रिकामा तो. हाझलबेकबाईंसारखी भली बाई जगात नाही, असं मानणारा एकच माणूस आहे आणि तो त्या गाडीत होता. मी त्याला तसंच जाऊ दिलं.